बुडबुड्यांत काय असतं?

गॅसवरचं पाणी खळाखळा उकळू लागलं की तळातून मोठाले बुडबुडे उठतात. त्या बुडबुड्यांत काय असतं? हा प्रश्न मी चौथीतल्या मुलांना विचारत आले आहे, बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना विचारत आले आहे आणि लग्नकार्यात भेटलेल्या इंजिनियर भाच्यांनाही मी सोडलेलं नाही. लहान मुलं बहुधा ‘हवा’ म्हणतात. काही जण ‘वाफ’ म्हणतात आणि आपण फारच साधं काही बोललो की काय, अशा चेहऱ्यानं बघत राहतात. आठवी-नववीच्या पुढे मात्र एक नवंच उत्तर येऊ लागतं आणि ते देणाऱ्याचा आवाज खणखणीत असतो: हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पाणी म्हणजे एच-टू-ओ. तापवलं, फुटलं, दोन्ही वायू सुटले.

हे उत्तर चूक आहे. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते. पाणी नुसतं कोमट होत असताना भांड्याच्या कडेला जे बारीक बुडबुडे चिकटतात ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे, म्हणजे ‘हवा’ म्हणणारं पोर काहीतरी नीट पाहून बोलत असतं. शेगडीवर खरोखरच हायड्रोजन सुटत असता तर आमच्या मुलुंडमधलं एकही स्वयंपाकघर धड राहिलं नसतं. पण चूक कोणाची होते ते बघा. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह यांनी ८ ते १७ वर्षांच्या मुलांना पाण्याच्या अवस्थांबद्दल असेच प्रश्न विचारले आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथेही हायड्रोजन-ऑक्सिजनवाल्यांची संख्या वयाबरोबर वाढत गेलेली दिसली. हा गैरसमज मूल घरून घेऊन येत नाही. तो त्याला शाळेत मिळतो.

विज्ञान शिकण्या-शिकवण्यावर संशोधन कशासाठी करायचं, असं कोणी विचारलं तर मी पहिल्यांदा हे बुडबुडे पुढे करते.

तसं माझं काम सांगायला अवघडच. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, एका विज्ञानशिक्षण प्रकल्पात मुलांच्या मुलाखती घेण्याच्या कामाला लागले, पुढे कॉलेजात शिकवू लागले, पण मुलाखतींचा नाद सुटला नाही. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत संशोधन म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या आठवतात. ‘मुलं विज्ञान कशी शिकतात याचं संशोधन’ असं सांगितल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, “त्यात काय शोधायचं ग? अभ्यास केला की येतं, नाही केला की नाही येत.” मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चर्चासत्राला चालले आहे असं सांगितलं, की पालक एकदम जवळ सरकतात. त्यांना वाटतं, माझा बालवैज्ञानिक परीक्षेशी काही संबंध आहे. सहावी आणि नववीची ती स्पर्धा बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून घेतं. दोन्हीकडे होमी भाभांचं नाव, एवढंच साम्य. “आमच्या मुलीला प्रॅक्टिकलचं जरा सांगाल का?” हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेलाय, तितक्या वेळा ‘तुम्ही नक्की काय शोधता’ हा विचारला गेलेला नाही.

हे केंद्र सुरू झालं १९७४ साली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा एक भाग म्हणून. ते उभं करणारे भा. मा. उदगावकर, वि. गो. कुलकर्णी हे मुळात भौतिकशास्त्रज्ञ. मूलभूत संशोधन करणाऱ्या संस्थेनं महापालिकेच्या शाळेतल्या मुलाला विज्ञान का समजत नाही याची चौकशी करावी, हे त्या काळी सहज पचणारं नव्हतं. सुरुवातीला केंद्राचा संसारही नाना चौकातल्या महापालिकेच्या एका शाळेतच होता. पुढे कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत गेले. मराठी पाठ्यपुस्तकातलं विज्ञान तेच ठेवून वाक्यं मात्र सोपी केली, तर काय होतं हे त्यांनी तपासलं. मुलांची समज वाढलेली दिसली. १९८०च्या सुमारास त्यांनी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबईच्या महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर दीर्घकाळ काम केलं. बुद्धी कमी पडत नव्हती. कमी पडत होती ती भाषा, आणि प्रश्न विचारायची मुभा. ती मिळाल्यावर त्याच मुलांनी शालान्त परीक्षेत चांगले गुण मिळवून दाखवले. काकूंच्या ‘अभ्यास केला की येतं’ला इतकं थेट उत्तर दुसरं नसेल.

मी या क्षेत्रात आले तेव्हा हा सगळा इतिहास मला ऐकूनच माहीत होता. हाताशी पडलं ते काम फार साधं दिसणारं होतं: मुलाला समोर बसवायचं, एक प्रश्न विचारायचा आणि ऐकायचं. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमती, रेकॉर्डर, कोरे कागद, पेन्सिल. जागा मिळेल ती. बहुतेकदा प्रयोगशाळेतलं बेसिनशेजारचं टेबल, नाहीतर चित्रकलेच्या खोलीचा कोपरा. पीटीचा तास चुकवून आलेली मुलं खूश असायची किंवा भयंकर रागावलेली.

या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे चेहरा कोरा ठेवणं. मान हलवायची नाही. ‘बरोबर’ म्हणायचं नाही, ‘छान’ही नाही. मुलं प्रश्नाकडे बघत नाहीत, विचारणाऱ्याच्या भुवयांकडे बघतात. दुसरी अडचण ‘का’ची. एखाद्या मुलीनं उत्तर दिलं आणि मी “तुला असं का वाटतं?” म्हटलं, की ती लगेच उत्तर बदलते. आपल्या वर्गात ‘का?’ हा प्रश्न फक्त चुकलेल्यालाच विचारला जातो, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे सुरुवातीलाच सांगावं लागतं, “मी सगळ्यांना ‘का’ विचारणार आहे, उत्तर काहीही असलं तरी.” तरीही पहिली काही मिनिटं वाया जातात. मग कुठे मूल खुर्चीत मागे टेकून बसतं आणि स्वतःचं बोलू लागतं.

तिसरी अडचण शांततेची. अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गातल्या ध्वनिफिती तपासून १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत गेला तरी उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलं बोलतात, मुलं एकमेकांच्या म्हणण्यावर बोलू लागतात. तीन सेकंद कागदावर काहीच वाटत नाहीत. साठ मुलांच्या वर्गात, शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांच्या आवाजात, तीन सेकंद गप्प उभं राहून बघावं. हात आपोआप खडूकडे जातो.

मुलुंडमध्ये या कामाला एक वेगळीच मजा आहे, कारण इथल्या मुलांच्या उत्तरांत मुलुंड येतं. मिठागर रोडवर राहणाऱ्या मुलाला पाणी आटतं म्हणजे काय हे विचारावं. मीठ कसं होतं, हे त्यानं नसेल पाहिलं, पण आजोबांनी सांगितलेलं असतं: भरतीला खाडीचं पाणी घ्यायचं, एका खणातून दुसऱ्यात सोडत न्यायचं, उन्हात दाट होऊ द्यायचं आणि शेवटी मीठ ओढून काढायचं. “मग पाणी कुठे गेलं?” “सूर्यानं ओढून घेतलं.” “आणि मीठ का नाही ओढलं?” इथे बहुतेक मुलं थांबतात. एका मुलीनं खूप वेळ घेऊन सांगितलं, “मीठ जड आहे, बाई. सूर्याला नाही उचलत.” आता याला शून्य मार्क द्यायचे की पुढचा प्रश्न विचारायचा? बाष्पीभवनाची व्याख्या तिला तोंडपाठ होती. पाणी जातं आणि मीठ मागे राहतं, याचं काहीतरी कारण असलं पाहिजे, ही गरज मात्र व्याख्येला वाटली नव्हती, तिला वाटली होती. पावसाचं पाणी खारट का नसतं, या प्रश्नापर्यंत ती त्याच वाटेनं स्वतः पोहोचली.

पण खरी गंमत चंद्राची. चंद्राच्या कला का दिसतात असं विचारलं, की जगभरची मुलं आणि मोठी माणसं एकच उत्तर देतात: पृथ्वीची सावली पडते म्हणून. संशोधनाच्या पुस्तकांत या गैरसमजाची पानंच्या पानं आहेत. मुलुंडची मुलंही हेच म्हणतात. फरक एवढाच, की इथल्या बऱ्याच घरांत भिंतीवर कालनिर्णय असतं, घरात कोणी ना कोणी संकष्टी करतं आणि चंद्रोदय कधी आहे, म्हणजे जेवण कधी मिळणार, याची चौकशी मुलांनी अनेकदा केलेली असते. संकष्टीचा चंद्र उशिरा उगवतो, साडेआठ-नऊनंतर, आणि जवळजवळ पूर्ण असतो. विनायकी चतुर्थीची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि लवकर मावळते. (भाद्रपदातल्या चतुर्थीबद्दल विचारलं तर मुलं प्रामाणिकपणे सांगतात, “त्या दिवशी आम्ही बघतच नाही.”) ही माहिती मुलांकडे असते. विज्ञानाच्या तासाला तिचा काही उपयोग आहे, असं मात्र कोणी त्यांना सांगितलेलं नसतं.

नवघरच्या एका आगरी घरातल्या मुलानं तर मला पाऊणपटीचा हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. आजोबा खाडीत जायचे, त्यांचा हा हिशेब. तिथी ही काय चीज आहे, हे त्या मुलाला माहीत नव्हतं. खरं तर चंद्र आणि सूर्य यांच्यात बारा-बारा अंशांचं अंतर पडत गेलं की एकेक तिथी पुरी होते. कला समजायला नेमका हाच कोन लागतो, आणि तो आपल्या कॅलेंडरात रोजच्या रोज छापून येतो.

मानखुर्दच्या केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी, ग्रामीण आणि शहरी मुलांबरोबर खगोलशास्त्र शिकण्यावर काम केलं आहे. आकृती आणि प्रत्यक्ष आकाश यांच्यामधला दुवा हातवाऱ्यांनी, स्वतःच्या शरीरानं कसा जोडता येतो, हा त्याचा एक महत्त्वाचा भाग. त्यावरचा त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. तो वाचून मी माझ्या मुलाखतींत कागद बाजूला ठेवायला लागले. रेकॉर्डरवर नुसतं “असं… आणि मग असं…” ऐकू यायचं, कारण सगळं सांगणं हातांत असायचं. मग हातांचीही नोंद ठेवू लागले.

एका शाळेच्या गच्चीवर शुक्ल चतुर्थीच्या संध्याकाळी आम्ही काही मुलं जमवली. मुलुंडचा भूगोल या पाठासाठी मुद्दाम बेतल्यासारखा आहे. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला ठाण्याची खाडी. सूर्य डोंगरामागे नुकताच गेलेला, कोर त्याच बाजूला थोडी वर. “एक हात सूर्याकडे करा, एक चंद्राकडे.” दोन हातांत काटकोनाच्या जवळपास निम्मा कोन झाला. “आता पृथ्वीची सावली कुठे असेल ते दाखवा.” जरा गोंधळ झाला. एकीनं पाठ फिरवली आणि खाडीकडे हात केला. मग परत वळून चंद्राकडे पाहिलं. “मग तिकडची सावली इकडे चंद्रावर कशी पडेल?” हा प्रश्न तिनं मला विचारला नाही, शेजारच्या मुलाला विचारला. तो हट्टाला पेटला. सावली वळसा घेऊन येते असं म्हणाला. मग स्वतःच हसला. पुढची दहा मिनिटं मी काहीच बोलले नाही. सावलीचा सिद्धांत मोडला होता. खरं कारण समजायला पुढे दिवा, चेंडू आणि बरीच वादावादी लागली, आणि काही मुलांचं त्यानंतरही पूर्ण समाधान झालं नाही. तरी त्या मुलांना सावलीचं उत्तर आता पुन्हा तितक्या सहज देता येणार नव्हतं.

कॉलेजातलं चित्र वेगळं असेल, असं लोकांना वाटतं. एफ.वाय.ला आलेल्या मुलांनी बारावीत न्यूटनचे नियम सोडवून सोडवून झिजवलेले असतात. मी चेंडू सरळ वर फेकते आणि विचारते, हातातून सुटल्यावर वर जाणाऱ्या चेंडूवर कोणकोणती बलं आहेत? हवेचा विरोध सोडून द्या. अर्धा वर्ग वरच्या दिशेनं बाण काढतो आणि शेजारी लिहितो: हाताचं बल. हात तर केव्हाच सुटलेला. जॉन क्लेमेंट यांनी अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत हाच बाण १९८२ साली नोंदवला होता. पुढे डेव्हिड हेस्टनीस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अशा प्रश्नांची एक चाचणी तयार केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही, साध्या भाषेतले प्रश्न, आणि पर्यायांत नेमक्या त्या चुका ज्या विद्यार्थी खरोखर करतात. हार्वर्डमध्ये एरिक मेझर यांनी ती आपल्या वर्गाला दिली तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी विचार करते तशी?

हा प्रश्न आमच्या वर्गात कोणी मोठ्यानं विचारत नाही, पण प्रत्येक जण तो मनात सोडवून मोकळा झालेला असतो. विद्यार्थ्याकडे दोन उत्तरं असतात. एक पेपरात लिहायचं, एक स्वतःचं. दोन्ही वर्षानुवर्षं शेजारी शेजारी सुखानं नांदतात, कारण त्यांची गाठ पडेल असा प्रसंगच येत नाही. बुडबुड्यांत हायड्रोजन बघणारा विद्यार्थी रसायनशास्त्रात पहिला येऊ शकतो. चांगल्या गुणांनी तर हे झाकलंच जातं. मागच्या बाकावरचा निदान ‘नाही कळलं’ म्हणतो.

या दोन उत्तरांची गाठ घालून दिली तर काय होतं, याचंही मोजमाप आहे. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांमधले निकाल एकत्र मांडले. वर्गाला सुरुवातीला जेवढं येत नव्हतं, त्यातलं किती नंतर येऊ लागलं, असा त्यांचा हिशेब. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात ते सरासरी २३ टक्के निघालं. जिथे विद्यार्थ्यांना एकमेकांशी वाद घालायला, अंदाज करायला, तपासायला लावलं होतं, तिथे ४८ टक्के. मी हे आकडे सांगते तेव्हा श्रोते दुपटीवर खूश होतात. मला ४८ हा आकडाच जास्त सांगावासा वाटतो. उत्तम वर्गातही निम्म्याहून अधिक राहूनच जातं.

एका शाळेतले ज्येष्ठ सर मला दर वेळी एकच विचारतात. “मॅडम, तुमचं सगळं खरं. पण पस्तीस मिनिटांचा तास, साठ मुलं, आणि पोर्शन कोण पूर्ण करणार?” हा प्रश्न टाळून या विषयावर बोलणं अप्रामाणिकपणाचं आहे. दर धड्याला गच्चीवर जाता येत नाही. चंद्राची ती एक संध्याकाळ परवडली, कारण ती पोर्शनच्या बाहेर होती. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी अरविंद कुमार यांच्या अध्यक्षतेखालच्या गटानं विज्ञानशिक्षणावर टिपण लिहिलं. पाठांतराऐवजी शोधबुद्धीला वाव द्या, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. टिपण दिल्लीहून निघतं, सर मात्र त्याच तासात, त्याच साठ मुलांपुढे उभे असतात.

सरांनी मग एक गोष्ट करून पाहिली. एका धड्यानंतर शेवटची पाच मिनिटं मुलांना चिठ्ठीवर फक्त कारण लिहायला सांगितलं, नाव न घालता, मार्क न देता. मधल्या सुट्टीत त्या चिठ्ठ्या वाचत बसले आणि डबा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “अहो, इथे पाच-सहाच उत्तरं आहेत. साठ मुलं, पण चुका पाच-सहाच.” मला हे किती महत्त्वाचं वाटलं, ते मी त्यांना नीट सांगू शकले नाही. साठ मुलांना साठ तऱ्हांनी शिकवावं लागेल, या भीतीनंच शिक्षक या वाटेला जात नाहीत. चुका मोजक्या असतात, त्यांना धागादोरा असतो, आणि एकदा त्या माहीत झाल्या की पुढच्या वर्षी त्यांच्याच भोवती धडा बांधता येतो. पोर्शनचा वेळ त्यात वाचतोच.

पण त्या मोजक्या चुका कोणत्या, हे इथेच गोळा करावं लागेल. न्यूझीलंडच्या यादीत बुडबुडे मिळतील, संकष्टीचा चंद्र आणि भरतीची पाऊणपट तिथे मिळणार नाही. म्हणून माझं एक साधं मागणं आहे, तेही बी.एड. महाविद्यालयांकडे. भावी शिक्षक सराव पाठ घेतात, पाठ टाचण काढतात, मागे बसलेले निरीक्षक त्यांचं फलकलेखन आणि प्रश्नकौशल्य तपासतात. हे सगळं शिक्षक काय बोलतो याचं मोजमाप झालं. त्या पाठांपैकी एक पाठ असा ठेवावा, की ज्यात काहीच शिकवायचं नाही. एका मुलाला समोर बसवायचं, एक प्रश्न विचारायचा, भुवई न हलवता ऐकायचं आणि ते म्हणालं ते शब्दशः उतरवून द्यायचं. मुंबईतल्या नुसत्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी जरी दर वर्षी हे केलं, तरी थोड्या वर्षांत आपल्या मुलांच्या विचारांचा आपला असा साठा तयार होईल. मार्क द्यायचेच असतील, तर शेवटी विचारलेल्या ‘का’ला द्यावेत.